तोतया

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा पंखा बोलायला लागला, तिथून ही गोष्ट सुरू होते. २०२२ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. कर्जतला त्या दिवसांत पहाटे छान गारवा असतो, छताचा पंखासुद्धा आम्ही बंद ठेवतो. आणि हा डब्यातला पंखा मात्र वैशाखातल्यासारखा घरघरत होता. मशीन चालू केलं की दहा मिनिटांत आवाज सुरू. एक शब्द टाइप करावा आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हावा, अशी गत. "अहो, दम लागलाय त्याला, जरा विश्रांती द्या," आमची सौ. म्हणाली. दिली विश्रांती. काही फरक नाही.

त्या दिवसांत एक मुलगा आमच्याकडे येत असे. कशेळ्याच्या पुढच्या एका वाडीतला, कर्जतला कॉलेजात शिकणारा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर कागद चढत नाहीत, म्हणून मीच त्याला "ये रे आमच्याकडे" असं म्हटलं होतं. दाखल्यांच्या फायली तो पेनड्राइव्हवर घालून आणायचा. पंखा घरघरायला लागला आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो त्या पेनड्राइव्हचा. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी त्याला दारातच म्हणालो, "तुझ्या त्या पेनड्राइव्हने माझं मशीन बिघडवलं बाबा. आता दुसरीकडे बघ." शेजारचे दोघे अंगणात उभे होते. तो काहीच बोलला नाही. "बरं सर," म्हणाला आणि गेला.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पुरावा बघितल्याशिवाय निकाल देऊ नये, हे किती मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असेल! असो. पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी आपल्या ह्याच मुलखातली एक जुनी हकीकत सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय माझी चूक कुठे झाली ते नीट कळणार नाही.

हवा स्वच्छ असली की आमच्या कर्जतकडून उल्हास नदीच्या खोऱ्याच्या टोकाला राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात, श्रीवर्धन आणि मनरंजन. त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला खालापूर तालुक्यातलं खोपोली आणि तिथून वर चढणारा बोरघाट. मुंबई-पुण्याची सगळी ये-जा आज जिथून होते तीच ही वाट. १७७६ साली एक माणूस फौज घेऊन ह्या वाटेवर, थेट राजमाचीपर्यंत येऊन ठेपला होता. तो स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवत होता.

भाऊसाहेब १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. रणांगणात त्यांचं शिर नसलेलं धड सापडलं, त्यावर अंत्यसंस्कारही झाले. पण पुण्यात ते पुष्कळांना पटलं नाही. पटावं अशी कुणाची इच्छाच नव्हती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परत आल्या, पण त्यांनी शेवटपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. घरटी माणूस गेलेल्या त्या काळात 'भाऊ जिवंत आहेत' हे वाक्य कानाला किती गोड लागलं असेल!

काही वर्षांनी उत्तरेत एक इसम 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पुण्याला आणून चौकशी झाली. हा सुखनिधान नावाचा कनौजी ब्राह्मण आहे, भाऊ नव्हे, असं ठरलं. मात्र त्याला मारलं नाही, कैदेत ठेवलं, आणि अखेरीस त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यावर झाली. पुढे १७७२ मध्ये माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, आणि पुण्यात दोन वर्षांच्या सवाई माधवरावाच्या नावाने बारभाई कारभार हाकू लागले. ह्या धामधुमीत १७७६ साली रत्नागिरीच्या अधिकाऱ्यानेच त्याला कैदेतून बाहेर काढलं आणि त्याच्या पाठीशी उभा राहिला. मग काय, कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला मिळाले, शिपाई भरती होऊ लागले, आणि स्वारी बोरघाटाशी आली. अखेर महादजी शिंद्यांच्या आणि इतरांच्या फौजांनी त्याला मोडलं. तो समुद्रमार्गे मुंबईकडे पळू लागला, तेव्हा रघूजी आंग्र्यांनी त्याला धरलं. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक ह्याच प्रकरणावरचं.

हा धडा शिकवताना दरवर्षी कुणीतरी मुलगा हमखास विचारायचा, "सर, लोकांना कळलं कसं नाही?" मी सांगायचो, लोक भोळे होते. आज विचाराल तर असं सांगणार नाही. त्या बंडात तीन गोष्टी होत्या. एक, त्याने घेतलेलं नाव खरं होतं, वजनदार होतं. त्या नावाला किल्ल्याचे दरवाजे उघडत. दोन, लोकांना तो खरा असायला हवा होता. आणि तीन, त्याला कुणी बाहेरून येऊन सोडवलं नाही. ज्याच्या हाती किल्ल्या होत्या त्यानेच आतून दार उघडलं. ह्या तिन्ही गोष्टी मला पुढे माझ्या टेबलाखालच्या डब्यात सापडल्या.

कॉम्प्युटरमधल्या तोतयांचा इतिहास तसा फार जुना नाही. आपल्या उपखंडापुरतं बोलायचं तर १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी ह्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला. आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक कॉम्प्युटरांवर पसरलेला पहिला व्हायरस तो हाच. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! ब्रेन फ्लॉपीच्या अगदी पहिल्या खणात जाऊन बसायचा आणि मूळची माहिती दुसरीकडे हलवून ठेवायचा. कुणी तो पहिला खण तपासायला गेलं की त्याला ती हलवलेली मूळ, स्वच्छ माहिती काढून दाखवायचा. म्हणजे चौकशीला पंच आले की खऱ्यालाच पुढे करायचं आणि आपण पडद्याआड उभं राहायचं.

त्यानंतर १९९० साली भारतात एक व्हायरस आढळला. त्याचं नाव ऐकून मला हसूच आलं: 'जोशी'! तो फ्लॉपीवरून पसरला आणि देशाच्या बाहेरही गेला. वर्षभर गप्प बसायचा. ५ जानेवारीला मात्र मशीन अडून बसायचं आणि पडद्यावर फर्मान यायचं, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलंत की मशीन पुन्हा चालू. त्याची खरी चलाखी वेगळीच होती. त्या काळी मशीन अडलं की कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकदम दाबून ते पुन्हा सुरू करत. जोशी हे दाबणं ओळखायचा आणि त्यातूनही मेमरीत तग धरून राहायचा. माणसाला वाटायचं, सगळं नव्याने सुरू झालं. प्रत्यक्षात जुना पाहुणा माजघरातच बसलेला. तो जायचा तो मशीनची वीज पूर्ण तोडून, स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केल्यावर. हा व्हायरस कुणी केला ते जगापुढे आलेलं नाही. नाव जोशी, म्हणून करणाराही जोशीच असेल असं आपण चटकन धरून चालतो. पण नावावरून माणूस ठरवायचा नसतो. दोन्हीकडून नसतो!

ह्याच सुमाराला पुण्यात कैलास काटकर नावाचा मूळचा सातारा जिल्ह्यातला एक तरुण कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होता. शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की पुष्कळ मशीनांचा एकही भाग बिघडलेला नाही, आत व्हायरस आहे. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्याने एकेका व्हायरसचा अभ्यास करून तो काढायची छोटी छोटी साधनं लिहिली. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' आलं, आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात उतरली. मला ह्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. काटकर आधी दुरुस्ती करणारे होते. मशीन निरोगी असताना कसं चालतं हे ज्याला हाताने ठाऊक आहे, त्यालाच त्यातलं परकं काय ते कळतं.

कायद्यानेही ह्याची दखल घेतली. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात कॉम्प्युटर व्हायरसची व्याख्याच दिली आहे. मालकाच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याच्या मशीनमध्ये घालणाऱ्याला नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि हेच अप्रामाणिक हेतूने केलं तर ६६ व्या कलमाखाली तुरुंगवासही होऊ शकतो.

आता ह्या तोतयांनी आपल्या रायगडातही काय केलं ते पाहा. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा प्रकार जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधून झाली. तिथल्या हजारो कंपन्या हिशेबासाठी एक सॉफ्टवेअर वापरत असत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या अपडेटमधूनच आपला माल आत पाठवला. रोजचा दूधवाला म्हणून दार उघडावं, आणि आत भलताच शिरावा, तसं. त्याने मेर्स्क ह्या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली आणि उरण तालुक्यात जेएनपीटीमधलं तिच्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कॉम्प्युटर बंद, म्हणून काम हातावर आलं, कंटेनर अडकून पडले. आणखी एक गोष्ट. हा प्रकार खंडणीखोराच्या वेशात आला होता. पडद्यावर 'पैसे द्या, फायली परत घ्या' असा मजकूर. पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. नासधूस हाच हेतू, खंडणी हा नुसता मुखवटा. म्हणजे तोतयाचाही तोतया! मेर्स्कने पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे केले. त्यासाठी लागणारी एक मूळ प्रत वाचली होती ती फक्त घानात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि ते मशीन जाळ्यापासून तुटलेलं होतं. आपण वीज गेली की महावितरणच्या नावाने बोटं मोडतो. तिथे वीज गेली म्हणून कंपनी वाचली.

आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण झालं. एटीएमवर कार्ड घातलं की बँकेची एक यंत्रणा खात्यात पैसे आहेत का ते तपासून होकार देते. हल्लेखोरांनी ह्या यंत्रणेसारखीच एक खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. ती प्रत्येक मागणीला 'द्या, द्या' म्हणत राहिली. ११ ते १३ ऑगस्ट ह्या दिवसांत २८ देशांतल्या एटीएममधून आणि वर परदेशी हस्तांतरातून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. किल्ला तोच, दरवाजा तोच. दारावरचा माणूस तेवढा बदललेला.

आता परत आमच्या घरात येऊ.

मुलाला घालवून दिल्यावर दोन दिवस मी स्वतःच खटपट केली. मशीन चालू असताना त्यात शंभर-दीडशे कामं एकाच वेळी न दिसता चाललेली असतात. त्या प्रत्येकाला प्रोसेस म्हणतात. कपाटात ठेवलेलं स्वयंपाकाचं पुस्तक म्हणजे प्रोग्रॅम, आणि चुलीवर प्रत्यक्ष शिजत असलेली आमटी म्हणजे प्रोसेस, असं मी मनाशी समजून घेतलं. टास्क मॅनेजर नावाच्या खिडकीत ह्या सगळ्यांची यादी दिसते. त्यात एकच नाव पन्नास-साठ वेळा: एस-व्ही-सी-होस्ट. मला वाटलं, सापडला! हाच तो, पिल्लं घालून बसलाय. मी एकेकाला 'एंड टास्क' करत सुटलो. चौथा की पाचवा बंद केला आणि मशीन काळं पडून आपोआप पुन्हा सुरू झालं. खालापूरच्या जुन्या नोंदींवरचं अर्धं टिपण, जे मी साठवलं नव्हतं, ते गेलं. पंखा होता तसाच.

शेवटी पुण्यात कॉम्प्युटरमध्येच काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "सर, आता कशालाही हात लावू नका. आधी फक्त बघा." त्याने समजावलं ते असं. विंडोजमधल्या पुष्कळशा सेवा स्वतः चालत नाहीत. त्यांना कुणीतरी आपल्या घरात जागा द्यावी लागते, आणि ते काम हा एस-व्ही-सी-होस्ट करतो. तो खरा आहे, गरजेचा आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये बहुतेक सेवांना वेगळा वेगळा एस-व्ही-सी-होस्ट मिळतो, म्हणून त्यांची संख्या इतकी दिसते. "आणि म्हणूनच सर, कुणाला लपायचं असेल तर तो हेच नाव घेतो. पन्नासांच्या गर्दीत एक्कावन्नावा कोण मोजतंय?"

मग त्याने सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करायला सांगितलं. सगळ्यांत जास्त काम करणारा वर आला. ऐंशी टक्क्यांच्या वर! "सर, नाव वाचा. एकेक अक्षर." मी चष्मा पुसून वाचलं. एस, सी, व्ही... थांबलो. खऱ्यात एस नंतर व्ही आहे आणि मग सी. ह्याने दोन अक्षरांची अदलाबदल केली होती! वह्या तपासण्यात हयात गेलेल्या मास्तराच्या डोळ्यांदेखत स्पेलिंगची चूक तीन दिवस बसून होती, आणि मी खऱ्या स्पेलिंगवाल्यांना शिक्षा करत होतो.

"पण नुसत्या नावावर जाऊ नका," तो म्हणाला. "अक्षरं बरोबर असलेलाही खोटा असू शकतो. राहतो कुठे ते बघा." उजवं बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' केलं. खरा एस-व्ही-सी-होस्ट विंडोजच्या सिस्टीम ३२ ह्या फोल्डरमध्ये राहतो आणि त्याच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. हा राहत होता माझ्याच नावाच्या फोल्डरखाली, आतल्या एका ॲपडेटा नावाच्या खणात. सही कुणाचीच नाही. नाव, गाव, शिक्का. जुन्या पत्राची अस्सलता आम्ही ज्या गोष्टींवरून तपासतो, त्याच ह्या.

"आता सर, ही फाइल कधी तयार झाली, ती तारीख बघा."

तारीख होती दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली, रात्री पावणेअकराची. तो मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला भाऊबीजेनंतर. तारखासुद्धा बनवता येतात म्हणून विद्यार्थ्याने दुसरा पुरावा मागितला, डाउनलोडच्या फोल्डरची यादी. त्यात त्याच रात्री, दहा मिनिटं आधी उतरवलेली एक फाइल होती. आणि मला सगळं आठवलं.

माझे जुने लेख जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले. नव्या मशीनवर उघडले की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. ते युनिकोडमध्ये करून देणारं एक सॉफ्टवेअर विकत मिळतं, पण मला एका ठिकाणी त्याचीच पूर्ण आवृत्ती फुकट सापडली होती. बसवताना त्याने एक सूचना दिली होती: तुमचा अँटिव्हायरस आक्षेप घेईल, तेवढ्यापुरता तो बंद ठेवा. मी तो बंद केला. स्वतःच्या हाताने. पंधरा वर्षांचं लिखाण परत मिळणार ह्या आनंदात मी एका क्षणासाठीही विचार केला नाही, की पाहुणा पहारेकऱ्याला झोपवायला का सांगतोय! लेख उलगडले नाहीतच. वाटलं, चालत नसेल माझ्या मशीनवर, आणि विसरून गेलो.

नाव वजनदार, मला ते खरं असायला हवं होतं, आणि दार मी उघडलं. रत्नागिरीच्या त्या अधिकाऱ्याला मी वर्गात किती नावं ठेवली असतील.

बाकीचं काम तासाभराचं होतं. आधी इंटरनेट तोडलं. तोतयाला बंद केलं तर अर्ध्या मिनिटात पुन्हा हजर. त्याला सारखा जागा करणारा कुणीतरी होता. टास्क शेड्युलरमध्ये अपडेट असल्याचा आव आणणारी एक नोंद सापडली, ती आधी काढली. मग मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या प्रोसेस चालवून, सुरू केलं आणि ती फाइल उडवली. विंडोजच्या डिफेंडरमध्ये 'इथे तपासू नका' अशा फोल्डरांची एक यादी असते. तोतयाने बसतानाच स्वतःचं घर त्या यादीत लिहून ठेवलं होतं! ते खोडलं आणि विंडोज सुरू होण्याआधीच चालणारी डिफेंडरची पूर्ण तपासणी केली. पासवर्ड बदलले ते ह्या मशीनवरून नाही, सौ.च्या मोबाइलवरून. बँकेच्या खात्याचा उतारा रुपया न् रुपया तपासला. माझं नशीब, तो चोर पैशांचा नव्हता. मोनेरोसारखं आभासी चलन साध्या कॉम्प्युटरकडून आकडेमोड करून घेऊन मिळवता येतं. माझी वीज आणि माझं मशीन वापरून तो कुणा अनोळखी माणसासाठी ती बेगार करत होता. शंका उरली असती तर सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायची, असंही विद्यार्थ्याने बजावलं होतं.

पंखा शांत झाला. मला मात्र चैन पडेना.

सौ. म्हणाली, "अहो, मशीन झालं ना साफ? मग आता त्या पोराकडे जा." दुसऱ्या दिवशी मी कशेळ्याच्या एसटीत बसलो, पुढे चालत वाडीवर गेलो. तो घराच्या मागे भाताचे भारे रचत होता. मला बघून त्याने हात पुसले, आत जाऊन पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, फाइल मीच आणली होती, तुझा काही दोष नाही. त्याने ऐकून घेतलं. अर्ज त्याने बाजारातल्या एका दुकानात पैसे देऊन भरला होता. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, माझा पेनड्राइव्ह तुम्ही बघितलाच नाही."

मला ह्यावर काही बोलता आलं नाही. खरंच नव्हता बघितला. पुण्याच्या कारभाऱ्यांनी त्या सुखनिधानाची सुद्धा चौकशी केली होती. माझ्या दारात उभ्या असलेल्या मुलाची मी केली नाही. त्याच्या जागी माझ्या भाच्याचा मुलगा असता, तर मी अंगणात शेजाऱ्यांसमोर असं बोललो असतो का? ह्याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मला आवडत नाही.

तोतयाला ओळखायचं म्हणजे नाव वाचायचं, राहतो कुठे ते बघायचं, कुणाच्या सहीने आला ते विचारायचं आणि तारीख ताडून पाहायची. मशीनच्या बाबतीत हे मी उतारवयात शिकलो. माणसांच्या बाबतीत मला ते आधीपासून येतं असं मी समजत होतो.

निघताना तो मला एसटीपर्यंत सोडायला आला. पुढच्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे असं म्हणाला. मी म्हटलं, "ये. आणि पेनड्राइव्ह घेऊन ये." आला. मी तो त्याच्यासमोर तपासला, त्यानेच मला तपासायला सांगितला. स्वच्छ होता.